व्याह्याला सुतक नसतं

शीतलचा फोन आला तेव्हा मी चहात बिस्किट बुडवत होतो. बातमी अनपेक्षित नव्हती. दिगंबरला यवतमाळच्या दवाखान्यात नेलं होतं तेव्हापासून फोन वाजला की माझी बायको स्वयंपाकघरातून बाहेर येऊन दारात उभी राहायची. "रशीदकाका, बाबा गेले," एवढं शीतल नीट बोलली. मग थांबली. मला वाटलं, आता पोरगी रडेल आणि आपल्याला काहीतरी बोलावं लागेल... पण ती रडली नाही. तिनं विचारलं, "ढाणकीले काय म्हणून कळवू, काका? भाऊ गेला म्हणू, का व्याही गेले म्हणू?"

सगळी नोकरी मी दिग्रसच्या शाळेत मराठी शिकवण्यात घालवली. नात्यांचे शब्द पोरांकडून घोकून घेतले. पण त्या सकाळी मला एक शब्द सुचला नाही. "तू नुसतं कळव, बेटा," एवढंच म्हणालो. ढाणकीचे वामनराव चिंचखेडे हे शीतलचे सासरे. आणि काही वर्षांपूर्वीपर्यंत तेच तिच्या वडिलांचे मोठे भाऊ होते. हे वाक्य वाचून तुमच्या भुवया वर गेल्या असतील तर त्यात तुमची चूक नाही. आमच्या दिग्रसलाही गेल्या होत्या.

दिगंबर चिंचखेडे विज्ञान शिकवायचा. आमच्या खुर्च्या स्टाफरूममध्ये शेजारी होत्या आणि भांडणं रोजची होती. मी काहीही सांगितलं की तो म्हणायचा, "पुरावा काय?" मी म्हणालो, आज उकाडा फार आहे, तरी तो प्रयोगशाळेतला तापमापक आणून दाखवायचा की कालच्यापेक्षा कमीच आहे. घरी येणारं दूध तो फाटकातच, दूधवाल्यासमोर, दुग्धमापी बुडवून तपासायचा. शेवटी त्या दूधवाल्यानं गल्लीच बदलली आणि आम्हा सगळ्यांची पंचाईत झाली. ईदला आमच्याकडे शीरखुर्मा खायला पहिला हाच हजर. मधुमेह होता, पण घरून साखर मोजून यायचा आणि खाऊन गेल्यावर पुन्हा मोजायचा. दुसऱ्या दिवशी माझ्या बायकोला सांगायचा, "भाभी, औंदा तुमचा खुर्मा लय चढला." असा माणूस. चीड यायची त्याच्यावर, पण तो नसला की शाळा बेचव वाटायची.

त्याला सख्खे-चुलत कुणी नव्हते. बाप एकुलता एक, आजाही तसाच. भाऊबंद म्हणून जे काही होतं ते ढाणकीचं घर. ते कसं जोडलं गेलं याची एक गोष्ट दोन्ही घरांत सांगितली जायची आणि मी ती दोन्हीकडे ऐकली आहे. कुणी एक पूर्वज ढाणकीकडून आणि दुसरा इथला, दोघांच्या बैलगाड्या दिग्रसच्या कापसाच्या बाजारात शेजारी-शेजारी सुटल्या. एकानं दुसऱ्याला नाव विचारलं. दोघंही चिंचखेडे निघाले. मग काय, दोघांनी एकमेकांना मिठ्या मारल्या, हरवलेले भाऊ बाजारात सापडले म्हणून रडले, आणि तिथंच एका शिदोरीतून जेवले. तेव्हापासून ढाणकीला कुणी गेलं की दिग्रसच्या घरी सुतक, आणि दिग्रसला कुणी गेलं की ढाणकीच्या घरी. दहा दिवस देवाला हात नाही, फोडणी नाही, गोडधोड नाही, शेवटी पुरुषांनी डोकं भादरायचं. आमच्याकडे दुःखाला तीन दिवस पुरतात. यांच्याकडे ते रक्ताच्या मापानं वाटून दिलेलं असतं, हे मी दिगंबरमुळेच शिकलो.

आणि हे नुसतं रीत म्हणून नव्हतं. दिगंबरची बायको गेली तेव्हा शीतल पहिली-दुसरीत असेल. वामनराव पहिल्या गाडीनं आले आणि फाटकातूनच "दिग्या!" म्हणून अशी हाक मारली की शेजारच्या घरातली बायामाणसंही रडायला लागली. त्यांनी डोकं भादरलं, सगळं उरकलं आणि परत गेले. पण कमलावहिनी, त्यांची बायको, मागे राहिल्या. हळद काढायचे दिवस होते, ढाणकीला शेतात त्यांची गरज होती, तरी शीतलची परीक्षा होईपर्यंत त्या इथून हलल्या नाहीत. पोरीच्या वेण्या घालायला दिगंबरला त्यांनीच शिकवलं. विज्ञानाच्या शिक्षकाला तीन पेडांचं गणित काही केल्या जमेना आणि वहिनी त्याच्या हातावर फणी मारायच्या, ते मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

पुढे शीतल यवतमाळला एका दवाखान्यात नर्स झाली. वामनरावांचा धाकटा मुलगा नितीन लहानपणापासून मामाकडे कळंबला वाढलेला, तोही ठिबकच्या कंपनीत नोकरी धरून यवतमाळलाच आला. दोघांची ओळख नात्यातली, पण तीही जेमतेम. कुणाच्या तरी दहाव्याला दोन ओट्यांवर बसलेली पोरं. जवळीक यवतमाळची. एके दिवशी शीतलनं बापाला सरळ सांगून टाकलं की लग्न करीन तर नितीनशी. एका आडनावात, एका भाऊबंदकीत सोयरीक होत नाही हे तिला माहीत नव्हतं असं नाही. ती दिगंबरची पोरगी होती. तिनं विचारलं, "आपण एकच आहो, याचा पुरावा काय?"

दिगंबर माझ्याकडे आला तो चप्पलही न काढता ओट्यावर बसला. "रशीद, तुमच्यात चालते ना बे असं?"

"आमच्यात चुलत बहिणीसंगं चालते," मी म्हणालो. "तुमचं अवघड आहे बाबा. तुम्ही तं आडनावाच्या सावलीलेही राखी बांधता."

तो हसला नाही. त्याच्यासमोर एका बाजूला पोरगी होती, जिच्याशिवाय त्याला कुणी नव्हतं. दुसऱ्या बाजूला वामनराव, त्यांच्याशिवायही कुणी नव्हतं. काही दिवस तो असाच येऊन बसायचा आणि उठून जायचा. मग एकदा आला तो तरतरीत. बापाकडून मुलाकडे, मुलाकडून नातवाकडे असा एक धागा शरीरात जसाच्या तसा उतरत जातो, त्यानं मला समजावलं. पोरींना तो मिळत नाही. दोन पुरुषांचा हा धागा जुळला तर मागे कुठंतरी बाप एक. नाही जुळला तर नाही. कापसाच्या काडीनं गालाच्या आतून पुसायचं आणि ती काडी पाठवून द्यायची, झालं. परदेशात म्हणे एका आडनावाची शेकडो माणसं अशी आपले पूर्वज हुडकून काढतात. मी म्हटलं, "ते एक व्हायसाठी तपासतात. तू दोन व्हायसाठी तपासून राह्यला."

ढाणकीला आम्ही दोघं गेलो. नात्याबाहेरचा माणूस सोबत असला की आवाज चढत नाही, असा त्याचा हिशोब. हिशोब चुकला. वामनरावांचा आवाज हळदीच्या शेतापर्यंत गेला असेल. "भाऊ-बहिनीचं लगन लावता? मास्तर हाये का कोन हाये तू?" दिगंबर मान खाली घालून ऐकत राहिला, आणि ते दमल्यावर त्यानं काडीची गोष्ट सांगितली. मला वाटलं, आता घराबाहेर काढतात. पण वामनराव एकदम शांत झाले. मग त्यांना हसूच आलं. त्यांच्या मनात कणभर शंका नव्हती. "घे," ते म्हणाले, "दोन्ही गालांतून घे. एक निघालो तं पोट्ट्यांनी पुना हा विषय काढाचा नाही. मंजूर?"

"आन् नाही निघालो तं?" दिगंबरनं विचारलं.

"तं मी सोता उभा राहून लगन लावन. शब्द देल्ला. पर तू पाह्यजो दिग्या, एकच निघते."

तोंड स्वच्छ हवं म्हणून दिगंबरनं त्यांना तंबाखूचा खर्रा थुंकायला लावला, चूळ भरायला लावली आणि वर अर्धा तास काही खायचं नाही असं बजावलं. वामनरावांना अर्धा तास खर्ऱ्याशिवाय बसवणं हे त्या दिवसाचं खरं अवघड काम होतं. ते ओट्यावर येरझाऱ्या घालत होते आणि कमलावहिनी पदर तोंडाला लावून हसत होत्या. मग दोन भाऊ समोरासमोर बसून, आ वासून, आपापल्या गालात काडी फिरवत राहिले. इतकं हसण्यासारखं दृश्य होतं... त्यानंतर त्या घरात दोघांना मी तसं मोकळं बसलेलं पाहिलं नाही.

परतीच्या गाडीत मी त्याला विचारलं, "समज, नाही जुळलं. मंग?"

"मंग लगन."

"ते समजलं. वामनराव?"

"दादा कुठं जाते?" तो खिडकीबाहेर बघत म्हणाला. "कागदानं मानूस थोडीच बदलते."

आयुष्यभर ज्यानं कागदावर, आकड्यावर, काचेच्या नळीवर विश्वास ठेवला, त्यानं एवढ्या एकाच बाबतीत कागदाला कमी लेखलं.

अहवाल आला तो शीतलच्या फोनवर. धागे जुळत नव्हते. थोडेथोडके नाहीत, शाखाच वेगळ्या. दोघांचा बाप एक शोधायचा तर माणूस नांगर धरायला शिकला त्याच्याही मागे जावं लागेल, असं दिगंबरनं मला सांगितलं. मग आम्ही त्या जुन्या गोष्टीचा विचार केला. चिंचखेड नावाची गावं आपल्याकडे काय कमी आहेत? एका चिंचखेडचा एक माणूस पोटासाठी बाहेर पडला, दुसऱ्या चिंचखेडचा दुसरा. गावाचं नाव आडनाव झालं. कापसाच्या बाजारात भेटले ते दोन परके. हरवलेले भाऊ सापडले नव्हतेच. दोन एकट्या माणसांना एकमेक आवडले, आणि आवडलेल्या माणसाला ठेवून घ्यायला काहीतरी निमित्त लागतं. मला तर ही गोष्ट आधीच्यापेक्षा जास्त गोड वाटली. दिगंबरलाही वाटली. ती तशीच दादाला सांगायची असं त्यानं ठरवलं होतं.

सांगायची वेळच आली नाही. ढाणकीला गेलो तर वामनरावांनी अहवालाचा अर्थ पुन्हा एकदा सांगायला लावला. हात मांडीवर ठेवून ऐकलं. "म्हंजे आमचा आजा वायला आन् तुमचा आजा वायला," ते म्हणाले. त्या एका वाक्यात 'तुहा'चा 'तुमचा' झाला. मला तो लगेच ऐकू आला, दिगंबरलाही आला असणार. मग ते उठले आणि आत तोंड करून म्हणाले, "चहा ठेव वं. सोयरे आले."

माणसानं शब्द मोडला तर त्याच्याशी भांडता येतं. शब्द पाळणाऱ्याशी काय भांडणार? वामनरावांनी शब्द काना-मात्रेसकट पाळला. कळंबला, चिंतामणीच्या देवळाजवळच्या कार्यालयात लग्न लागलं. पत्रिका छापणाऱ्यानं दिगंबरला फोन केला होता, की सर, मुलाकडचं आडनाव चुकून तुमचंच लिहिलंय, दुरुस्त करू का? मांडवात बायका म्हणत होत्या, पोरीचं आडनाव बदलायची कटकट वाचली. शीतल हसत होती. ती सुखात होती आणि आजही आहे, हे मी मुद्दाम लिहितो. वामनराव फेटा बांधून उभे होते. त्यांनी अक्षता टाकल्या, मानपान घेतला, कुठं कमी पडू दिलं नाही. व्याहीभेटीला दोघांनी हार घालून गळाभेट घेतली तेव्हा दिगंबर जो रडायला लागला तो थांबेना. लोकांना वाटलं, आई नसलेली एकुलती पोरगी चालली, रडणारच.

त्या दिवसापासून ते त्याला 'व्याही' म्हणू लागले. 'अहो' म्हणू लागले. ढाणकीला गेला की खुर्ची, तांब्या, पाहुण्याचं ताट. पूर्वी तो थेट चुलीपाशी जाऊन बसायचा. कमलावहिनी नवऱ्यापुढं काही बोलत नसत, पण दिगंबरला वाढताना त्या नजर वर करत नाहीत, हे त्यानंच मला सांगितलं. "मले वहिनीनं फणी मारली तरी चालन बे," तो म्हणाला. "पर हे ताट नको..."

मग वामनरावांची आई गेली. या म्हातारीनं दिगंबरला लहानपणी मांडीवर घेतलेलं. त्यानं इथं दिग्रसला दहा दिवस सुतक धरलं, डोकं भादरलं आणि दहाव्याला ढाणकीला गेला. मीही होतो सोबत. वामनरावांनी त्याच्या डोक्याकडे पाहिलं. सगळी माणसं बसलेली. ते शांतपणे म्हणाले, "व्याही, तुमाले सुतक नाही. डोकं कायले भादरलं?" आणि त्याचा हात धरून, अगदी आदरानं, त्याला सोयऱ्यांच्या रांगेत नेऊन बसवलं. येताना उन्हाचं कारण सांगून त्यानं माझा रुमाल मागितला आणि डोक्याला गुंडाळला. मला वामनरावांचा इतका राग आला होता की दात दुखत होते. आणि राग करायला कारण काय, तर तेच सापडत नव्हतं. तो माणूस खोटं काय बोलला होता?

त्यानंतर दिगंबरला एक वेडच लागलं. एक धागा नाही जुळला, पण शरीरात काय एकच धागा असतो? आईकडचा वेगळा, आजीच्या आईकडचा वेगळा. दुसऱ्या प्रकारची तपासणी असते, त्यात सगळंच बघतात. "एवढं मोठं शरीर हाये रशीद, कुठंतरी एक कण तं जुळत असन," असं तो म्हणायचा. ज्या माणसानं पोरांना शिकवलं की आधी निष्कर्ष ठरवून प्रयोग करू नये, तो आता हात जोडून एका निष्कर्षाची वाट बघत होता. मी म्हटलं, "इतकं मागं गेल्यावर माह्याशीही जुळन. घे माही थुंकी." तो हसला, मग हसता हसता खोकला लागला. तेव्हापासूनच त्याच्या पायांवर सूज दिसायला लागली होती.

तरी तो ढाणकीला गेलाच. वामनरावांनी ऐकून घेतलं आणि एकच प्रश्न विचारला. "समजा, जुळलं. आपन एक निघालो. मंग पोरीच्या लगनाचं काय करता, व्याही?" याचं उत्तर तुमच्याजवळ असेल तर सांगा. भाऊ परत हवा तर पोरीचं लग्न पाप ठरतं. लग्न शाबूत ठेवायचं तर भाऊ जातो. त्यानं स्वतःच घातलेली गाठ, आणि दोन्ही टोकांना त्याचीच माणसं. परत आल्यावर त्यानं मला हे सांगितलं आणि म्हणाला, "दादा विज्ञान शिकवाले पाहिजे होता. माह्यापेक्षा बरा." कौतुकानं म्हणाला. त्या कौतुकाचाच मला फार त्रास झाला.

हृदयाचं काम मंद होत गेलं. शेवटी शीतलनं त्याला यवतमाळला आपल्याच दवाखान्यात ठेवलं. वामनराव भेटायला आले, सफरचंदं घेऊन, धुतलेली टोपी घालून. खुर्चीत बसले. "कसं वाटते, व्याही?" डॉक्टरांनी विचारलं, आपण कोण? "पोरीचा सासरा," ते म्हणाले. थोडा वेळ बसून गेले. दिगंबर छताकडे बघत पडला होता. मी त्याच्या पायाशी होतो. बऱ्याच वेळानं म्हणाला, "रशीद, त्यानं एकडाव दिग्या म्हटलं असतं तं..." पुढं काय झालं असतं ते त्यानं सांगितलं नाही. श्वास पुरत नव्हता, की शब्द, कोण जाणे. मी त्याच्या सुजलेल्या पावलावर हात ठेवून बसलो. आणखी काही करता येण्यासारखं नव्हतं. आमची ती शेवटची भेट.

मोक्षधामात प्रश्न आला, अग्नी कुणी द्यायचा? मुलगा नाही. भाऊ नाही, पुतण्या नाही. नितीन पुढं झाला तर दोन म्हाताऱ्यांनी अडवलं. हा कोण? पुतण्या धरला तर अग्नीचा मान याचाच आहे, पण मग त्याच्या घरात बायको कोण म्हणून नांदते? जावई धरला तर जावयाच्या हातचा अग्नी आमच्यात नाही. तिरडी खाली, लाकडं रचलेली, आणि लोक नात्याचा खल करताहेत. नितीन बिचारा मडकं धरून उभा. सगळ्यांनी वामनरावांकडे पाहिलं. ते मागे, सोयऱ्यांत उभे होते. "जावई हाये तो," ते म्हणाले. "पोरगी देईन अग्नी." शीतलनं दिला. वामनरावांनी आपलं लाकूड टाकलं, नमस्कार केला, आणि परत गेले.

आता लग्न झालेल्या पोरीला बापाचं सुतक तीन दिवस. ते फिटलं की दिगंबरचं सुतक धरणारं जगात कुणी उरत नव्हतं. शीतलसारखी विचारांची मुलगी, पण तेवढं तिच्या मनाला लागून राहिलं. तिनं मला विचारलं, "काका, तुम्ही जाऊन याल का ढाणकीले? मोठ्या बाबांनी... निदान दहाव्याले डोकं भादरून बसावं. माझं ऐकणार नाहीत." लग्नानंतरही तिनं त्यांना मोठे बाबा म्हणणं सोडलं नव्हतं आणि त्यांनीही तिला कधी टोकलं नव्हतं. मी निघालो. मी कोण? ना रक्ताचा, ना आडनावाचा, ना धर्माचा. पण कुणीतरी जायला हवं होतं.

वामनराव ओट्यावर बसले होते. दाढीचे पांढरे खुंट वाढलेले. मी निरोप सांगितला, जसाच्या तसा. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. "सर, व्याह्याले सुतक नसते," ते म्हणाले. "तुमच्यातलं नाही म्हनून तुमाले मालूम नसन. ज्याचं त्यानं कागदावर लिहून घेतलं. मी का मोडू?" मी म्हणालो, "वामनराव, तो माणूस तुमच्या एका हाकेसाठी तळमळत गेला." मी हे बोलायला नको होतं, पण बोललो. त्यांचा जबडा हलला. मग म्हणाले, "टाइम झाला. जेवून जा."

त्या घरात मी कितीदा जेवलो असेन. वहिनींच्या हातची भाजी म्हणजे वर बोटभर तर्री, आणि खाणाऱ्याच्या डोळ्यात पाणी. त्या दिवशी ताटात ज्वारीची भाकर आली, उकडलेल्या शेंगा आल्या आणि वाटीत वरण आलं. पिवळं, नुसतं. त्यात मोहरी नाही, जिरं नाही, लसूण नाही, तेलाचा थेंब नाही. मी वर पाहिलं. वहिनी म्हणाल्या, "तेल संपलं जी." माझ्या समोर वामनरावांचं ताट होतं. तेच वरण, तीच भाकर. ते खाली मान घालून भाकर कुस्करत होते आणि मी विचारू नये म्हणून घास मोठे घेत होते. मी विचारलं नाही. मी त्यांच्यातला नाही, मला मालूम नसन... पण इतकी वर्षं दिगंबरच्या शेजारी बसलेल्या माणसाला एवढं कळतं, की घरात फोडणी कधी पडत नाही.

उमरखेडच्या स्टँडवर उतरलो तोच शीतलचा फोन. "काय म्हणाले, काका?"

"नाही म्हणाले, बेटा. व्याह्याला सुतक नसतं म्हणाले."

मग माणसं उगाच काहीतरी विचारतात तसं तिनं विचारलं, "जेवलात का तिथं?"

"जेवलो."

"काय केलं होतं?"

"वरण-भाकर."

मला वाटलं, फोन कटला. मग अगदी हळू, लहान मुलीसारखा आवाज आला. "फोडणीचं?"

मी म्हणालो, "नाही."

बाप गेल्यापासून न रडलेली ती पोरगी तेव्हा रडली. मला फार वाईट वाटलं, आणि सगळ्यात जास्त वाईट याचं वाटलं, की हे ज्याला सांगायला हवं तो एकच माणूस आता कुठं नाही. दिग्रसला जाऊन त्याच्या फाटकातून ओरडून सांगावं तर आत कुणी नाही. समोर पुसदची गाडी लागली होती, कंडक्टर हाका मारत होता. मी फोन कानाला धरून तसाच उभा राहिलो. तिचं रडणं थांबेपर्यंत गाडी निघून गेली.